टाकीमागची घळ

आमच्या पाणीखात्यात त्यांना सगळे लेव्हल मावशी म्हणायचे. टेकडीवरच्या टाकीत पाणी किती आहे ते बघायचं आणि दिवसातून तीनदा फोनवर कळवायचं, हे त्यांचं काम. आवक-जावकच्या टेबलावर मी बसायचो आणि फोनही तिथेच होता, म्हणून तो मीच उचलायचो. हॅलो नाही, नमस्कार नाही. "साडेतीन मीटर," एवढं बोलून पलीकडे खट्‌कन फोन खाली. ऑफिसात थट्टा चालायची, की मावशींना तब्येत विचारली तरी त्या मीटरमध्येच सांगतील. पंचवीस वर्षं मी तो आवाज ऐकला. त्यातला एकच फोन वेगळा होता, त्याबद्दल पुढे सांगतो.

टाकीचं काम मुळात त्यांच्या नवऱ्याचं. तो कावीळ होऊन तीन आठवड्यांत गेला, तेव्हा मावशी सत्तावीस वर्षांच्या होत्या आणि मुलगी चार वर्षांची. खात्याने त्यांना नवऱ्याच्या जागेवर घेतलं. टाकीला लागून दोन खोल्यांचं क्वार्टर होतं, तेही तसंच त्यांच्याकडे राहिलं. खाली गावात जायला दोनशे चाळीस पायऱ्या. शेजार म्हणून कुणी नाही. टाकीच्या मागे टेकडी एकदम खाली तुटते, तिथे एक अरुंद घळ आहे. घळीत दहा-बारा जुनी झाडं आणि त्यांच्यावरून लोंबणाऱ्या दोरखंडासारख्या वेली. नवरा असताना मावशी तिकडे कधी फिरकल्या नव्हत्या. साप असतील म्हणून तोच जाऊ द्यायचा नाही.

तो गेला त्या वर्षी थंडी सुरू झाली आणि एका सकाळी मुलगी हाताला ओढत त्यांना घळीत घेऊन गेली. आई, वेलींना किती वाळकी पानं लागलीत बघ, म्हणाली. खरंच, वेली दिसतच नव्हत्या इतकी पानं. पण त्या वेलींना पानंच नव्हती, थंडीत त्या उघड्या पडायच्या. दोघी बघत उभ्या राहिल्या. थोड्या वेळाने ऊन टेकडीवरून घळीत उतरलं आणि जिथे जिथे ते पोचलं तिथली पानं उघडली. आतून काळ्या पंखांवर फिकट निळे पट्टे. हजारोंनी फुलपाखरं एकाच वेळी पंख उघडून ऊन खात होती. मावशी मला म्हणाल्या होत्या, "नवरा गेल्यापासून मला कसलंच काही वाटत नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा भूक लागली."

पातळी मोजणाऱ्या बाईला फुलपाखरं बघून काय सुचणार? त्यांनी ती मोजली. एका वितीत किती बसलीत ते दहा ठिकाणी मोजायचं, सरासरी काढायची, मग सगळ्या वेली वितींनी मोजून गुणाकार. पहिल्या वर्षी साडेबारा हजार आली. त्यांनी तो आकडा पाण्याच्या वहीत मागच्या पानावर लिहून ठेवला. दरवर्षी थंडी आली की ती यायची, अकरा-बारा आठवडे राहायची आणि ऊन तापायला लागलं की एका दिवसात निघून जायची. मावशी त्यांना पाहुणे म्हणायच्या. "पाहुणे आले," "पाहुणे गेले," असं त्या वहीत पातळीच्या शेजारी लिहायच्या आणि आमच्या तपासणी साहेबांना वाटायचं, बाईंच्या घरी फार राबता आहे.

दहाव्या वर्षी विद्यापीठातून एक बाई आल्या. चष्मा, पाठीवर पिशवी, हातात जाळी. हे फुलपाखरू कुठे कुठे थंडी काढतं ते शोधत त्या चार वर्षं हिंडत होत्या. पूर्वीच्या नोंदींत नऊ जागा होत्या, त्यांतल्या सहा ओसाड पडलेल्या त्यांनी स्वतः पाहिल्या होत्या. आमची घळ कुठल्याच नोंदीत नव्हती. मावशींनी त्यांना चहा दिला आणि दहा वर्षांच्या वह्या समोर ठेवल्या. बाई वह्या चाळता चाळता रडायला लागल्या, असं मावशींनी मला सांगितलं. त्यांना स्वतःला त्यात रडण्यासारखं काय आहे ते कळलं नव्हतं.

त्यानंतर बाई दरवर्षी आठवडाभर येऊन क्वार्टरमध्येच राहायच्या. त्यांनीच मावशींना सांगितलं, की इथून जी उडून जातात ती परत येत नाहीत. वाटेत कुठेतरी अंडी घालून मरतात. त्यांची पोरं पुढे जातात, तीही मरतात, आणि थंडीत इथे येतात ती नातवंडं किंवा पतवंडं. ज्यांनी ही घळ कधी पाहिलेली नाही, ती सातशे-आठशे किलोमीटरवरून नेमकी याच वेलींवर येऊन बसतात. ती कशी येतात हे बाईंनाही ठाऊक नव्हतं.

आणखी एक गोष्ट बाईंनी सांगितली, आणि तीच पुढे मावशींच्या मानेवर बसली. बाईंनी घळीतल्या हवेची ओल मोजली होती. बाहेरची टेकडी कोरडी ठणठणीत, घळ मात्र थंडीभर दमट. ती फुलपाखरं तीन महिने जवळजवळ काही खात नाहीत. अंगातलं पाणी टिकलं तरच जगतात. बाईंनी ओलीचा माग काढला, तर ती टाकीच्या बुडाखालून येत होती. तळाच्या मोठ्या पाइपाचा सांधा सुटलेला होता आणि मनगटाएवढी धार दगडांतून झिरपत घळीत उतरत होती. टाकी बांधली तेव्हापासून ती गळत असावी. मावशींना इतकी वर्षं तो झराच वाटत होता.

मावशींनी विचारलं, ही गळती बंद झाली तर काय होईल. बाईंनी हातातली वही मिटली. मग म्हणाल्या, "तर मग ही सातवी ओसाड जागा."

आमच्या खात्यात दरवर्षी प्रत्येक टाकीचा एक फॉर्म भरून घेतात. झाकण, शिडी, कुलूप, आणि सातव्या ओळीत गळती: आहे की नाही. त्या वर्षापासून मावशींनी सोळा वर्षं सातव्या ओळीत "नाही" लिहिलं. आधीही त्या "नाही"च लिहायच्या, पण तेव्हा ते खरं समजून. आता खोटं आहे हे माहीत असून. त्या सोळाही फॉर्मांवर आवकचा शिक्का माझ्या हाताने पडलेला आहे. मी दोनदा थंडीत वर जाऊन फुलपाखरं पाहिली होती, तिथे माझे बूट चिखलाने भरले होते, आणि टेकडीवर चिखल कुठून आला हे मी एकदाही विचारलं नव्हतं. न विचारणं सोयीचं होतं. गावाला पाणी भरपूर होतं, कुणाचं काही अडत नव्हतं.

मग दोन वर्षं लागोपाठ पाऊस झाला नाही. तलावाचा तळ दिसायला लागला. टाकी कधीच भरेना. फोनवर मावशींचा आकडा दोन मीटरवर आला, मग दीडवर. गावाला चार दिवसांआड पाणी सोडायचं ठरलं. तेही पंधरा-वीस मिनिटं, आणि पाइपाच्या अगदी शेवटच्या टोकाला ज्या गल्ल्या आहेत तिथे पोचेपर्यंत त्यातली दहा मिनिटं गेलेली असायची.

मावशींची मुलगी त्या शेवटच्या टोकालाच राहायची. एव्हाना तिचं लग्न होऊन तिला दोन वर्षांची छोकरी होती. नवरा ट्रक चालवायचा, महिन्यातले वीस दिवस बाहेर. तिच्या गल्लीत नळाला आधी हवा यायची, मग गढूळ पाणी, आणि ते निवळेपर्यंत नळ बंद. छोकरीच्या अंगावर घामोळं उठून त्याच्या जखमा झाल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, रोज स्वच्छ आंघोळ घाला. आता रोज आंघोळीला पाणी आणायचं कुठून? म्हणून दर रविवारी ती लेकीला कडेवर घेऊन दोनशे चाळीस पायऱ्या चढून आईकडे यायची आणि तिला न्हाऊ घालायची.

अशाच एका रविवारी, भर उन्हाळ्यात, ती कपडे वाळत घालत असताना छोकरी दुडूदुडू घळीकडे गेली. ती मागे धावली. छोकरी चिखलात बसून दोन्ही हातांनी तो थापटत होती. मुलगी लहानपणी त्याच चिखलात खेळली होती, तेव्हा तिच्या डोक्यात काही आलं नव्हतं. आता मात्र ती उभी राहून बघत राहिली. दोन वर्षं पाऊस नाही, टेकडीवर गवताची काडी हिरवी नाही, आणि इथे दगडातून धार वाहतेय. झरा असता तर तो कधीच आटला असता. मागून मावशी येऊन उभ्या राहिल्या.

"आई, हे टाकीचं पाणी आहे?"

"हो."

"तुला माहीत होतं?"

मावशींनी हो म्हणून मान हलवली. मुलीने छोकरीला उचललं, तिचे हात स्वतःच्या साडीला पुसले.

"माझ्या पोरीच्या अंगाला जखमा झाल्यात," ती म्हणाली, "आणि तू फुलपाखरांना पाणी पाजतेस."

ती आवाज चढवून बोलली नाही, असं मावशी म्हणाल्या. ओरडली असती तर बरं झालं असतं. ओले कपडे तसेच पिळून तिने पिशवीत भरले आणि ती पायऱ्या उतरून गेली. पुढच्या रविवारी आली नाही.

सोमवारी सकाळी मावशी ऑफिसात आल्या. वर्षातून एकदा फॉर्म द्यायला यायच्या, एरवी त्यांचं तोंडही कुणाला दिसायचं नाही. वहीतल्या पानावर चार ओळी लिहून आणल्या होत्या: टाकीच्या तळाच्या सांध्यातून गळती आहे, जुनी आहे, ताबडतोब दुरुस्ती व्हावी. कागद माझ्या टेबलावर ठेवून त्या उभ्याच राहिल्या. मी वाचला. बसा म्हटलं, तर बसल्या नाहीत. रविवारची सगळी हकीकत त्यांनी उभ्या उभ्याच मला सांगितली, खिडकीकडे बघत.

"मावशी, एकदा शिक्का पडला की मला हा परत देता यायचा नाही," मी म्हटलं.

"मारा, भाऊ."

मी शिक्का मारला.

आमचे नवे साहेब तरुण होते, कामाचे होते. त्यांनी त्याच दिवशी वर माणसं पाठवली. अकरा दिवस काम चाललं. सांधा उकरून नवा बसवला, बुडाखालचे दगड सिमेंटने लिंपले, आणि पुन्हा ओल मुरू नये म्हणून जादा पाण्यासाठी सिमेंटची नाली बांधून ती थेट खालच्या गटाराला जोडली. नालीच्या आड येणारी दोन झाडं गेली. वेलींना हात लावू नका, असं मावशींनी मजुरांना पुन्हा पुन्हा सांगितलं, आणि मजुरांनी ते पाळलंही. साहेबांनी नोटीस बोर्डावर मावशींचं कौतुक छापलं. असे कर्मचारी हवेत, असं त्यात होतं. मावशींनी तो कागद वाचला की नाही, मला माहीत नाही. मी तो दोन दिवसांनी काढून टाकला.

गल्लीला त्याने काय मिळालं, तेही सांगितलं पाहिजे. नऊ मिनिटं. शेवटच्या टोकाला नऊ मिनिटं जास्त पाणी यायला लागलं, आणि ते स्वच्छ यायचं. छोकरीच्या जखमा बऱ्या झाल्या. हे काही थोडं नव्हतं. मुलीने आईला तसं कळवलं नाही, मावशींना ते माझ्याकडूनच कळलं.

आणि मग थंडी आली. दुपारचा बाराचा फोन वाजला. "एक पूर्णांक आठ," मावशी म्हणाल्या, आणि फोन ठेवला नाही. हाच तो वेगळा फोन. मी थांबलो. मग त्या म्हणाल्या, "भाऊ, ते आलेत."

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून वर गेलो. नेहमीपेक्षा निम्मीच होती, सहा-सात हजार. त्याच वेलींवर, तशीच ओळीने बसलेली. पण घळ बदलली होती. खालची माती भेगाळली होती, शेवाळ उन्हात ठेवलेल्या जुन्या कापडासारखं दगडांवरून सुटून येत होतं. फुलपाखरं मधूनच वेलीवरून उठायची, जिथे पूर्वी चिखल असायचा तिथे उतरायची, सोंड मातीला लावून बघायची आणि परत वर जायची. काहींना परत जाता येत नव्हतं. मावशी बादली घेऊन क्वार्टरपासून घळीपर्यंत खेपा घालत होत्या. गावाला अजून चार दिवसांआड पाणी होतं, आणि त्या स्वतःच्या वाटणीचं पाणी ओतत होत्या. दोन दिवस त्यांनी तोंडही धुतलं नव्हतं, दिसत होतं ते. मी दुसरी बादली घेतली. संध्याकाळपर्यंत आम्ही पाणी ओतलं. माती ते पीत होती आणि तासाभरात पुन्हा पांढरी पडत होती.

आठवड्याने विद्यापीठातल्या बाई आल्या. आता त्याही म्हाताऱ्या झाल्या होत्या. त्यांनी हवेची ओल मोजली आणि यंत्र पिशवीत ठेवून दिलं. बादल्यांनी हे भागणार नाही, असं त्यांनी समजुतीच्या सुरात सांगितलं. सगळी घळ कित्येक वर्षांत भिजत आलेली होती, ती दोन माणसांनी पाणी ओतून भिजणारी नाही. त्या मावशींना एका शब्दाने टाकून बोलल्या नाहीत. मावशींना तेच लागलं. "मला वाटलं होतं, निदान तुम्ही तरी शिव्या द्याल," त्या म्हणाल्या. बाई म्हणाल्या, तुमच्या जागी मी असते तर मीही तोच कागद लिहिला असता, आणि मग त्या दोघी पायरीवर बसून राहिल्या.

त्या थंडीत मावशींनी पहिल्यांदा वेलींऐवजी जमीन मोजली. केरसुणीने एका चौकोनातली पडलेली फुलपाखरं गोळा करायची आणि मोजायची. सहाव्या आठवड्यात वेलींवर कुणी उरलं नाही. उडून जायचा दिवस त्या वर्षी आलाच नाही.

पुढच्या वर्षी तीनशे-साडेतीनशे आली. कुठूनतरी वाट चुकलेली नातवंडं असावीत. दोन दिवस घळीवर घिरट्या घालून ती निघून गेली. कुठे गेली, कुणालाच कळलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षी सात. मावशी सातांपैकी प्रत्येक कुठे बसलं होतं ते सांगू शकायच्या. नंतर एकही नाही.

दरम्यान पाऊस परतला. जोरात परतला. तलाव भरला, टाकी रोज भरून वाहायला लागली आणि चांगलं पाणी सिमेंटच्या नालीतून सरळ गटारात जायला लागलं. मावशींनी साहेबांना अर्ज केला, की वाहून जाणारं पाणी गटाराऐवजी घळीत सोडा, नालीला फक्त एक भोक पाडायचंय. साहेबांनी चांगला शेरा मारून तो वर पाठवला. वरून तो खाली आला, नकाशा जोडा म्हणून. नकाशा जोडून गेला, तर अंदाजपत्रक जोडा म्हणून परत. माझ्या रजिस्टरमध्ये तो अर्ज अकरा वेळा गेला आणि दहा वेळा आला.

त्याच सुमारास तपासणीत कुणाच्या तरी लक्षात आलं, की गळती "जुनी" होती तर सोळा वर्षांचे फॉर्म "नाही" कसं म्हणतात. मावशींकडून खुलासा मागवायचं पत्र मलाच टाइप करावं लागलं. नोटीस बोर्डावर कौतुक छापलं होतं तेच साहेब त्यावर सही करताना माझ्याकडे बघत नव्हते. मावशींचा खुलासा दोन वाक्यांचा होता. गळती मला माहीत होती. ती मी लपवली. फुलपाखरांचा त्यात उल्लेखही नव्हता. मी म्हटलं, कारण लिहा ना, मावशी, वाचणारा माणूसच असतो. तर म्हणाल्या, कारण आता वर काही शिल्लक नाही, ते दाखवू कशाला. सेवापुस्तकात ताकीद लिहिली गेली, आणि एकतीस वर्षांनी त्या तशाच निवृत्त झाल्या.

क्वार्टर सोडायच्या दिवशी मुलगी आली. रविवारच्या त्या प्रसंगानंतर इतक्या वर्षांत दोघी लग्नाकार्यात भेटल्या असतील तेवढ्याच. तिने भांडी गोणपाटात बांधायला घेतली. मी वह्या बांधत होतो. मावशी शिडीचं कुलूप लावायला गेल्या, तेव्हा मुलगी माझ्याजवळ येऊन म्हणाली, "काका, मी तेव्हा असं बोलायला नको होतं. पण आम्हाला पाणी खरंच नव्हतं हो." मी म्हटलं, ते मावशींनाही माहीत आहे. त्यावर ती म्हणाली, "माहीत आहे म्हणूनच तर ती माझ्याशी भांडत नाही." मग मावशी परत आल्या आणि आम्ही सगळे पायऱ्या उतरलो. वह्या विद्यापीठातल्या बाईंकडे गेल्या. तिथे त्या काचेच्या कपाटात आहेत म्हणतात.

निवृत्तीनंतर दीड वर्षाने अर्ज मंजूर होऊन आला. नालीला भोक पाडलं गेलं. तेव्हापासून घळीत पाणी आहे. गेल्या थंडीत मी एकटाच वर गेलो होतो. शेवाळ पुन्हा धरलंय, दगडांच्या फटींतून नेचे उगवलेत, वेली पूर्वीपेक्षा दाट झाल्यात. माझे बूट चिखलाने भरले. ऊन टेकडीवरून घळीत उतरलं, एकेक वेल करत शेवटपर्यंत गेलं, आणि सगळीकडे नुसती वेलींची सालच दिसली. दुपारपर्यंत मी तिथे बसलो होतो. एक पाखरू येऊन पाणी पिऊन गेलं, साधंच, चिमणीएवढं.

तिथून मी मावशींकडे गेलो. शेवटच्या गल्लीत, मुलीच्या घरी, त्या नळापाशी स्टुलावर बसल्या होत्या. माझ्या बुटांकडे बघितलं आणि विचारलं, "वर गेला होता?"

"हो."

"ओल आहे?"

"भरपूर."

त्यांनी पुढचं विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. मुलीने चहा आणला. छोकरी आता शाळेत जाते, तिचं गणित कच्चं आहे, शिकवणी लावावी का, असं मावशी मला विचारत राहिल्या.